वारंवार जळणारे अडॅप्टर आणि वारंवार उतरणारी बॅटरी : दोष नेमका कुठे शोधावा

एकाच घरात एका पावसाळ्यात राउटरचे दोन अडॅप्टर, पाच एलईडी बल्ब आणि फ्रिजचा स्टॅबिलायझर जळाला, तर त्याला योगायोग म्हणता येत नाही. आमच्या घरी गेल्या वर्षी हेच घडले. प्रत्येक वेळी जळालेली वस्तू बदलली, प्रत्येक वेळी दुकानदाराने ‘व्होल्टेज जास्त आले असेल’ एवढेच सांगितले, आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा काहीतरी जळाले. त्याच सुमारास आमची मोटार चार-पाच दिवस उभी राहिली की सेल्फ घेईनाशी झाली, आणि तिच्याही दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. या दोन्ही तक्रारींचा माग काढताना काय मोजले, कोणत्या क्रमाने मोजले आणि काय सापडले, ते येथे सविस्तर लिहितो, कारण दोन्हीकडे बदललेल्या वस्तू निर्दोष होत्या आणि दोष त्यांच्यापर्यंत वीज पोचवणाऱ्या मार्गात होता.

घरातील उपकरणे वारंवार जळत असतील, तर मल्टिमीटर हातात घेण्याआधी आठवडाभर एक वही ठेवावी. दिवे कधी मंद होतात, कधी नेहमीपेक्षा प्रखर होतात, पंख्याचा वेग आपोआप कधी बदलतो आणि त्या क्षणी घरात किंवा शेजारी कोणते मोठे उपकरण सुरू झाले, एवढेच वेळेसह लिहावे. मंद होणे आणि प्रखर होणे यांतला फरक येथे निर्णायक आहे. गीझर किंवा मिक्सर लावल्यावर दिवे मंद होत असतील, तर वायर बारीक आहे, एखादा जोड ढिला आहे किंवा बाहेरूनच येणारा दाब (व्होल्टेज) कमी आहे, यांपैकी काहीही असू शकते. परंतु कोणाकडे तरी मोठे उपकरण सुरू झाले आणि आपल्याकडचे दिवे प्रखर झाले, पंखा जोरात फिरू लागला, तर प्रथम संशय न्यूट्रलचाच, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेचाच घ्यावा. आमच्या वहीत पाच दिवसांत सात नोंदी झाल्या आणि त्यांतल्या सहा सकाळी साडेसहा ते आठ या वेळेतल्या होत्या, म्हणजे इमारतीतले गीझर चालू असतात त्या वेळेतल्या.

न्यूट्रल ढिला झाला तर दाब वाढतो कसा, हे समजून घेतले की पुढचे सारे शोधणे सोपे होते. इमारतीला वीज तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारांनी येते. कोणतीही एक फेज आणि न्यूट्रल यांमध्ये २३० व्होल्ट असतात, तर दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट. वेगवेगळ्या फ्लॅटना वेगवेगळी फेज दिलेली असते, पण न्यूट्रल सर्वांना सामाईक असतो. तो सामाईक न्यूट्रल वरच्या बाजूला तुटला, तर वेगवेगळ्या फेजवरची दोन घरे एकापाठोपाठ एक जोडल्यासारखी होतात आणि ४०० व्होल्ट त्या दोघांत वाटले जातात, मात्र समसमान नव्हे. एका घरात २,००० वॅटचा गीझर आणि दुसऱ्या घरात फक्त २०० वॅटचे दिवे व पंखे चालू आहेत असे धरले, तर गीझरच्या वाट्याला सुमारे ३६ व्होल्ट येतात आणि दिवे-पंखे लावलेल्या घराच्या वाट्याला सुमारे ३६४ व्होल्ट. ज्या घरात विजेचा वापर कमी, त्याच घराचे नुकसान अधिक. पहाटे उठून फक्त एक दिवा लावणाऱ्या वृद्ध जोडप्याच्या घरी उपकरणे जळतात आणि शेजारच्या गजबजलेल्या घरात काहीच होत नाही, याचे कारण हे आहे. न्यूट्रल पूर्ण तुटलेला नसून नुसता ढिला झालेला असेल, तर हाच परिणाम सौम्य प्रमाणात दिसतो : २३० ऐवजी २५५, २६०, कधी २७० व्होल्ट. एवढ्या दाबाने काही लगेच जळत नाही, पण अडॅप्टर आणि बल्बच्या आतली सर्किटे हळूहळू निकामी होऊ शकतात.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. सिंगल फेज घराच्या स्वतःच्या मीटरनंतरचा न्यूट्रल तुटला, तर दाब वाढत नाही, सगळे बंदच पडते. अशा वेळी प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो, कारण चालू ठेवलेल्या उपकरणातून फेजच न्यूट्रलच्या तारेत उतरलेली असते. दोन्हीकडे टेस्टर पेटतो म्हणून घरात ‘दोन फेज आल्या’ असे अनेकदा सांगितले जाते. ते बहुतेक वेळा खरे नसते, पण न्यूट्रलची ती तार त्या क्षणी जिवंत असते हे मात्र खरे, आणि न्यूट्रलला हात लावला तर चालतो या समजुतीने अशाच वेळी अपघात होतात.

आता मोजणी. जुन्या वीज नियमांत घरगुती पुरवठ्यासाठी अधिक-उणे ६ टक्के एवढी सूट दिलेली होती, म्हणजे २३० व्होल्टसाठी साधारण २१६ ते २४४. तपासणीसाठी ही पट्टी अजूनही उपयोगी आहे. मल्टिमीटर एसी व्होल्टच्या ७५० किंवा ६०० या रेंजवर ठेवावा आणि एकाच सॉकेटमध्ये तीन मापे घ्यावीत : फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. अर्थिंग चांगले असेल तर पहिली दोन मापे जवळजवळ सारखी येतात आणि तिसरे दोन-तीन व्होल्टच्या आत राहते. फेज ते अर्थ हे मापच धड येत नसेल, तर आधी अर्थिंग दुरुस्त करावे, कारण मग तिसऱ्या मापाला अर्थ उरत नाही. ही तिन्ही मापे घरात काही चालू नसताना एकदा आणि गीझर किंवा इस्त्री चालू असताना पुन्हा घ्यावीत. आमच्या घरी सकाळी सात वाजता फेज ते न्यूट्रल २६२ आणि न्यूट्रल ते अर्थ ३१ व्होल्ट दिसले. आम्ही स्वतःचा गीझर लावला तसे पहिले माप २२६ वर आले. दुपारी तीन वाजता त्याच सॉकेटमध्ये २३३ आणि २ व्होल्ट होते. दुपारी येऊन गेलेल्या दोन वायरमनना काहीच दोष दिसला नव्हता, आणि त्यांचे मोजणे चुकीचे नव्हते, वेळ चुकीची होती. भार नसताना ढिला जोड लपून राहतो.

मोजलेला दोष घरात आहे की घराबाहेर, हे ठरवण्यासाठी भार चालू ठेवून आधी सॉकेटमध्ये आणि मग मेन स्विचच्या येणाऱ्या बाजूला माप घ्यावे. मेन स्विचवर दाब स्थिर आणि सॉकेटमध्ये बदलता असेल, तर दोष आपल्या वायरिंगमध्ये आहे : बहुधा स्विचबोर्डच्या मागे नुसते पिळून टेप गुंडाळलेल्या जोडात किंवा सॉकेटच्या सैल स्क्रूत. मेन स्विचवरच दाब हेलकावत असेल, तर तो मीटरच्या किंवा इमारतीच्या सामाईक पॅनेलच्या बाजूला आहे, आणि तेथे आपले काम थांबते. मीटरचे सील तोडू नये, खांबावर कोणालाही चढवू नये. वीज कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि इमारतीच्या पॅनेलसाठी सोसायटीमार्फत परवानाधारक विद्युत ठेकेदार बोलवावा. तो येईपर्यंत फ्रिज, टीव्ही, राउटर, संगणक यांचे प्लग काढून ठेवावेत. नुसता स्विच बंद करणे पुरेसे नाही. दाब २७० च्या पुढे जात असेल, तर मेन स्विच बंद करून अंधारात बसणे पत्करावे.

आमच्या इमारतीत दोष सापडला तो तळमजल्यावरच्या सामाईक पॅनेलमधील न्यूट्रल लिंकवर, म्हणजे न्यूट्रलच्या तारा जिथे एकत्र जोडतात त्या पट्टीवर. बाहेरून येणारी केबल अॅल्युमिनियमची आणि लिंकची पट्टी तांब्याची होती, आणि त्या दोहोंमध्ये साधा अॅल्युमिनियमचा लग (केबलच्या टोकावर बसवायचा धातूचा तुकडा) बसवलेला होता. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि त्यांत दमटपणा शिरला की अॅल्युमिनियम खात जाते, त्यावर न वाहणारा थर चढतो, जोड तापतो, तापून-निवून स्क्रू सैल होतो आणि सैल झाल्यामुळे आणखी तापतो. कोकणात व समुद्राजवळच्या गावांत खाऱ्या हवेमुळे हे फार लवकर होते. मुख्य पुरवठा बंद करून ठेकेदाराने तो लग काढला तेव्हा तो काळा पडलेला होता आणि बोल्ट हाताने फिरत होता. केबलचे टोक कापून नवा बायमेटॅलिक, म्हणजे दोन धातूंचा लग दाबून बसवला, पट्टी बदलली, आणि त्यानंतर सकाळच्या गर्दीतही दाब २२८ ते २३५ यांच्या बाहेर गेलेला नाही. खर्च आमच्या जळालेल्या वस्तूंच्या किमतीपेक्षा कमी आला.

जोडातल्या थोड्याशा रोधाने एवढे काय होते, असा प्रश्न सोसायटीच्या बैठकीत आला होता. अर्धा ओहम एवढाच रोध असलेल्या जोडातून १० अँपिअर वाहिले, तर ५ व्होल्ट तेथे गळतात आणि ५० वॅट उष्णता त्या एका बिंदूवर निर्माण होते. चांगल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक एवढ्याच शक्तीवर कथील वितळवते. स्विचबोर्डचे प्लास्टिक पिवळे पडणे, प्लगचा एकच दांडा काळा होणे, बोर्डाजवळ जळक्या माशासारखा वास येणे, ही त्या उष्णतेची लक्षणे आहेत आणि त्यांच्याकडे एक दिवसही दुर्लक्ष करू नये.

स्टॅबिलायझरविषयी माझे मत स्पष्ट आहे. तो बाहेरून कायम कमी-जास्त येणाऱ्या दाबासाठी आहे, ढिल्या न्यूट्रलवर तो उपाय नाही, आणि आमच्याकडे तर तोच प्रथम जळाला. त्याऐवजी दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेल्यावर पुरवठाच तोडणारा रक्षक रिले मेन स्विचनंतर बसवून घेणे योग्य. मात्र तोही मूळ दोष दुरुस्त झाल्यावर, दुरुस्तीच्या ऐवजी नव्हे.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे पावसाळ्यात वारंवार पडणारा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच. घरातील आरसीसीबी सहसा ३० मिलिअँपिअरचा असतो, म्हणजे फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत तेवढा फरक पडला की तो पडतो आणि पुरवठा तोडतो. लोक एकेक एमसीबी (घराच्या एकेका भागाचा स्वयंचलित स्विच) बंद करून पाहतात आणि सगळे बंद केल्यावरही आरसीसीबी पडतो तेव्हा तोच खराब आहे असे ठरवून बदलतात. परंतु एका पोलचा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि ओल्या सॉकेटमध्ये किंवा गीझरच्या फुटलेल्या कॉइलमध्ये न्यूट्रल व अर्थ एकत्र आले असतील, तर एमसीबी बंद असूनही गळती चालू राहते. म्हणून प्लग प्रत्यक्ष उपटून काढावेत आणि मग एकेक लावत जावे. आरसीसीबी पडतो म्हणून त्याला वगळून सरळ तार जोडून घेणे हा जिवाशी खेळ आहे. तो पडतो आहे, म्हणजे आपले काम करतो आहे.

राउटर बंद-चालू होत असेल, पण घरातला दाब ठीक असेल, तर अडॅप्टर तपासावा. १२ व्होल्टचा अडॅप्टर मोकळा मोजला तर १२.१ दाखवतो आणि राउटर जोडल्यावर ९ वर कोसळतो, कारण आतला कपॅसिटर सुकलेला असतो. मोकळे माप येथेही फसवते.

आता मोटारीकडे वळतो. ‘बॅटरी गेली’ या एका वाक्यात तीन वेगळे दोष लपलेले असतात : बॅटरी खरोखर संपलेली असते, ती भरली जात नसते, किंवा भरलेली असूनही तिची वीज सेल्फपर्यंत पोचत नसते. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, किल्ली न फिरवता, बॅटरीच्या दोन्ही खुंटांवर डीसी दाब मोजावा. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२.० च्या खाली गेली असेल तर प्रथम ती बाहेरून पूर्ण भरून मगच पुढची तपासणी करावी. इंजिन चालू असताना हेच माप सहसा १३.८ ते १४.५ या दरम्यान असते. काही नव्या गाड्यांत ते जाणूनबुजून कमी-जास्त केले जाते, त्यामुळे एका मापावरून डायनॅमोला दोष देऊ नये. दुचाकीत रेस दिल्यावर ते १५ च्या पुढे जात असेल आणि बल्ब वारंवार उडत असतील, तर रेग्युलेटर तपासावा.

आमच्या गाडीत सकाळचे माप १२.६ होते, तरीही सेल्फ जड फिरत असे. मदतीला एकाला बसवून सेल्फ मारताना बॅटरीच्या खुंटांवर मोजले तर १०.८ दिसले. ९.६ च्या खाली गेले नाही, म्हणजे बॅटरी सुदृढ होती. मग मीटरची एक काडी बॅटरीच्या उणे खुंटावर, तिच्या क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरी इंजिनच्या रंग नसलेल्या धातूवर टेकवून पुन्हा सेल्फ मारला. तेथे फार तर ०.२ व्होल्ट दिसायला हवेत. दिसले १.४. इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थची वेणी (बारीक तंतूंची विणलेली जाड तार) आतून हिरवी पडून कुजलेली होती. याआधी दोन गॅरेजमध्ये तीच वेणी मीटरने तपासली होती, आणि कंटिन्युइटीचा, म्हणजे तार अखंड असल्याचा बीप वाजला म्हणून ती चांगली ठरवली होती. सेल्फ सुमारे १२० अँपिअर खेचत असेल, तर १.४ व्होल्टची गळती म्हणजे ०.०१२ ओहमचा रोध. एवढा सूक्ष्म रोध साधा मीटर दाखवू शकत नाही, आणि शंभरांपैकी एक तंतू शाबूत असला तरी बीप वाजतो. म्हणून जाड तारांची तपासणी बीपवर करू नये, भार देऊन गळलेला दाब मोजावा. धन बाजूलाही हीच कसोटी लावावी : बॅटरीचा धन खुंट ते सेल्फची नटबोल्ट लावलेली खुंटी, सेल्फ फिरताना, अर्ध्या व्होल्टच्या आत.

वेणी बदलल्यावर गाडी झटक्यात चालू होऊ लागली, परंतु पाच दिवस उभी राहिल्यावर बॅटरी पुन्हा १२.१ वर आली. हा दुसरा, स्वतंत्र दोष होता. एका तक्रारीमागे दोन दोष असू शकतात हे मान्य केले नाही, तर पहिल्या दुरुस्तीवरच अविश्वास बसतो. उभ्या गाडीत घड्याळ, अलार्म आणि संगणक यांसाठी थोडा प्रवाह चालूच असतो, पण तो साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. तो मोजण्यासाठी मीटरची तार १० अँपिअरच्या भोकात लावावी, बॅटरीचा उणे क्लॅम्प काढून मीटर त्या मार्गात जोडावा, आणि मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. बॉनेट व दारांची कुलुपे स्क्रूड्रायव्हरने आतून मिटवून ठेवावीत, म्हणजे गाडीला ती बंद वाटतात, आणि रिमोट किल्ली गाडीपासून दूर ठेवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाट पाहावी. गाडीतले संगणक झोपी जाण्यास वीस-तीस मिनिटे, कधी अधिकही लागतात, आणि पहिल्या पाच मिनिटांत दिसणाऱ्या मोठ्या आकड्याने घाबरून फ्यूज उपसू लागणारे भलत्याच मागे लागतात.

चाळीस मिनिटांनी आमच्या मीटरवर १८० मिलिअँपिअर स्थिरावले. दिवसाला सव्वाचार अँपिअर-तास, पाच दिवसांत सुमारे साडेएकवीस. आमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, त्यामुळे १२.१ हे माप या हिशेबाशी तंतोतंत जुळत होते. पुढे फ्यूज उपसून पाहण्याऐवजी प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर उघडी असलेली दोन टोके मिलिव्होल्टमध्ये मोजली, कारण फ्यूज काढून परत लावला की झोपलेले संगणक पुन्हा जागे होतात आणि मोजणी बिघडते. प्रवाह वाहत नसलेल्या फ्यूजवर शून्य दिसते. एका १० अँपिअरच्या फ्यूजवर १.३ मिलिव्होल्ट दिसले. तो आतल्या दिव्याचा फ्यूज होता, आणि त्याच्या तारेची साल काढून समोरच्या कॅमेऱ्याची जोडणी कोणीतरी पिळून घेतली होती. किल्ली बंद केल्यावरही कॅमेरा रात्रंदिवस चालू राहत होता. ती जोडणी काढून किल्लीसोबत बंद होणाऱ्या फ्यूजवर, स्वतंत्र फ्यूज देऊन नेली. पुन्हा चाळीस मिनिटे थांबून मोजले तेव्हा आकडा २२ वर आला. साल निघून उघडी पडलेली जुनी तार सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक नळी चढवली. नुसती टेप गुंडाळली असती तर उन्हाळ्यात तिचा गोंद सुटून तार पुन्हा उघडी पडली असती.

त्यानंतर गाडी एकदा अकरा दिवस उभी राहिली आणि पहिल्याच किल्लीला चालू झाली. घरातल्या सॉकेटचे सकाळी सातचे माप मी अजूनही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच वहीत लिहितो. मागचे तीन आकडे २३१, २३० आणि २३२ आहेत.